एकशे नऊ फरश्या

विशाखापट्टण,
२२ जून २०२५

चि. अल्फियास,
फिरोजभाईचा सलाम आणि दुवा. वि. वि.

फोन कापलास म्हणून भांडण संपलं असं समजू नकोस. कागद मधीच कापता येत न्हाय, म्हणून पाच रुपयांचं पाकीट आणून कागदावर भांडतोय. फोनवर तसंही नीट बोलता येत न्हाय. एक तर अब्बा शेजारी बसलेले असतात, नायतर टेम्पोत बर्फ भरून मासळी न्यायला गेलेले असतात आणि फोन त्यांच्या खिशात.

शाळेत करायला काय नसतं, म्हणून आता जायचं न्हाय, असं तू म्हणलीस. हे वाक्य माझं हाय. तू चोरलंयस. सातवीत असताना मी हेच अब्बांना म्हणलो होतो. मला गणिताचं उत्तर तोंडी यायचं आणि गुरुजी पायऱ्या मागायचे. पायऱ्या लिवायचा कंटाळा, म्हणून पळालो. पळायची सवय लागली ती लागलीच. सहा वर्षांत सुरत झालं, हैदराबाद झालं, आता हितं समुद्राच्या काठाला. एका गावात आठ महिन्यांच्या वर टिकलो न्हाय. आज गुडघे टेकून दुसऱ्यांच्या घरात फरशी बसवतो, आणि ज्या खोलीत फरशी बसवली तिच्यात परत पाय ठेवायला मिळत न्हाय. कंटाळ्यानं शाळा सोडली की असं होतं. तू तर माझ्यापेक्षा शहाणी, मंग माझ्या पावलावर पाऊल कशापायी?

तुला गणित येतं हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. येतं म्हणून जायचं न्हाय, हा कुठला न्याय. येत न्हाय ती पोरं तरी जातात की.

राग आला तर कागदावर काढ. आणि एखादं गणित घालून पाठव. मला येणार न्हाय असं घाल. हितं रेडिओ बिघडलाय, दुपारच्या सुट्टीत करायला काय नसतं.

अम्मीला सांग, गुडघा आता बरा हाय. अब्बांना काय सांगू नको.
लोभ हाय तेवढाच राहू दे, कमी करू नको.
तुझा,
फिरोजभाई

—

पळसदेव,
८ जुलै २०२५

ती. भाईस,
धाकट्या अल्फियाचा सलाम. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनकाका म्हणाले, हल्ली गावात कागद दोघांचेच येतात, बँकेचे आणि तुझ्या भावाचे. बँकेचे तरी छापील असतात, तुझ्या भावाचं अक्षर वाचता वाचता मी दोनदा वाट चुकलो. तेव्हा जरा अक्षर सुधार.

मी शाळा सोडणार नाही. तुला चिडवायला म्हणाले होते. पण तुझ्या आणि माझ्या कंटाळ्यात फरक आहे, तो तू समजून घेत नाहीस. तुला पायऱ्या नको होत्या. मला जास्त पायऱ्या हव्यात.

आठवीचं पुस्तक मी सुट्टीतच शेजारच्या म्हाळसाकडून आणून संपवलं. आता वर्गात माझं गणित सगळ्यांआधी होतं आणि मग सर मला बाकीच्यांच्या वह्या तपासायला देतात. रोज वीस-बावीस वह्या. सर वाईट नाहीत. वर्गात एकसष्ट मुलं आहेत आणि निम्म्यांना अजून भागाकार जमत नाही, त्यांनी तरी काय करावं? पण लाल पेन हातात घेऊन मी दुसऱ्यांच्या चुका बघत बसते, आणि माझी स्वतःची एकही चूक होत नाही. भाई, मला येत नाही असं एक तरी गणित कुणीतरी द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

वैष्णवी मॅडम होत्या तोवर बरं होतं. त्या दर शुक्रवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक गणित लिहून जायच्या आणि सोमवारपर्यंत कुणाला काही सांगायच्या नाहीत. मे महिन्यात त्यांची बदली बारामतीला झाली. एप्रिलमध्ये धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा मी काठी रोवून, सावली मोजून शिखराची उंची काढली होती. उत्तर वहीत आहे. बरोबर आहे का ते सांगणारं आता कुणी नाही.

पण खरी बातमी पुढं आहे. मॅडमनी कळवलंय की बारामतीच्या एका संस्थेनं गणिताचा खास वर्ग काढलाय. आठवीतली वीस मुलं परीक्षा घेऊन निवडणार. नववी-दहावी तिथंच, वसतिगृह फुकट, आणि रोज दोन तास पुस्तकाबाहेरचं गणित. परीक्षा जानेवारीत, आणि एकदाच देता येते. अब्बांना विचारलं. जेवण झाल्यावर म्हणाले, वीसात नाव आलं तर पाठवीन, नाही आलं तर या घरात बारामतीचं नाव परत काढायचं नाही. अम्मी म्हणाली, ही काय शर्त झाली. अब्बा म्हणाले, मी शब्द दिला की पाळतो, एवढं तिला माहीत असू दे.

आता तुझं गणित. दहा फरश्या लांब आणि सहा फरश्या रुंद अशी खोली. एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, तर ती किती फरश्यांवरून जाईल? मोजून सांगायचं नाही, विचार करून सांगायचं.

तुझ्या गुडघ्याला तेल लाव. माया असू दे.
तुझी,
अल्फिया

—

विशाखापट्टण,
३ सप्टेंबर २०२५

चि. अल्फियास,
सलाम आणि दुवा. वि. वि.

चौदा. विचार करून सांगायला गेलो तर सोळा आलं, मंग बरोब्बर तेवढीच जागा धरून दोरी ताणली आणि मोजलं, तर चौदा. ठेकेदार आला आणि म्हणाला, तिरकी दोरी कशाला लावलीस, फरशी सरळ बसवायची हाय. म्हणलं, बहिणीचं काम हाय. तो तेलुगूत काय तरी बोलला, ते चांगलं नसावं. पण सोळाचे चौदा कुठं झाले ते कळंना. ते लिवून पाठव, न्हाय तर मला घास गिळायचा न्हाय.

बारामतीचं वाचून लई बरं वाटलं. अब्बांची शर्त कडक हाय, पण त्यांनी न्हाय म्हणलं न्हाय, हे ध्यानात घे. मला तर त्यांनी शर्तसुद्धा घातली नव्हती.

आता तुला एक पुस्तकाबाहेरचं गणित मी शिकवतो. हसू नको. हे कुठल्या मास्तराला ठाऊक नसतं.

हैदराबादला एका हॉटेलची फरशी माझ्याकडं होती. मी खोली मोजली, भागाकार केला, दोनशे दहा आल्या. हिशोब एकदम चोख. दोनशे दहाच मागवल्या. मधी खांब होते, तिथं फरशी कापावी लागली, आणि कापताना सहा फुटल्या. सहा परत मागवल्या तर त्या दुसऱ्या लॉटच्या आल्या, रंग थोडा पिवळट. तू म्हणशील, सहानं काय होतंय. मालकाला त्या सहाच दिसायच्या. सगळी फरशी उखडायला लावली. माझा महिन्याचा पगार गेला आणि वर मार खाता खाता वाचलो.

तवापासून माझा नियम असा. खोली सरळ असंल, कापायचं काय नसंल, तर शंभराला पाच जादा. आणि मधी खांब, चौक, हौद असलं काय आलं आणि फरशी कापावी लागली, तर शंभराला दहा. भागाकाराचं उत्तर हे उत्तर नसतं, ती नुसती सुरुवात असती. हे घोकून ठेव. बरोब्बर मोजणारा माणूस काम बुडवतो.

वह्या तपासतीस तर तपास, पण फुकट तपासू नको. सरांना म्हणावं, दहा वह्यांना एक अवघड गणित.
लांब राहिलेल्या भावाला विसरू नको.
फिरोजभाई

—

पळसदेव,
३० नोव्हेंबर २०२५

ती. भाईस,
अल्फियाचा सलाम. वि. वि.

आधी तुझ्या घासाचं बघते. दोरी चालताना दर वेळी एक रेघ ओलांडते आणि नव्या फरशीवर जाते. म्हणून दहा आणि सहा मिळवायचे. पण जिथं ती बरोबर फरशीच्या कोपऱ्यातून जाते, एकदा मध्यावर आणि एकदा शेवटी, तिथं दोन रेघा एकदम ओलांडते आणि एक फरशी कमी होते. म्हणून दहा आणि सहाचा मसावि, म्हणजे दोन, वजा करायचा. सोळातून दोन गेले, चौदा. हे मला कुणी शिकवलं नाही. तीन दिवस अंगणात खडूनं चौकोन काढत होते, तेव्हा मिळालं. अम्मी म्हणाली, अंगण म्हणजे तुझी पाटी झाली, मी झाडू कुठं मारू? ज्या संध्याकाळी मिळालं त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही, पण ते आनंदानं.

तुझा शंभराला दहाचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. खाली तुझं नाव घातलंय, फिरोज सिकंदर मुलाणी, फरशीतज्ज्ञ. सरांना दाखवला. सर म्हणाले, तुझ्या भावानं दहावी केली असती तर बांधकाम खात्यात साहेब झाला असता. मी त्यांना सांगितलं नाही की साहेब झालास तरी आठ महिन्यांनी पळाला असतास.

दहा वह्यांना एक गणित हे त्यांना पटलं. पण त्यांच्याकडं अवघड गणितं नाहीत. ते बिचारे कुठून कुठून मोबाईलवर शोधून आणतात आणि कधी कधी त्यातलं उत्तरच चुकलेलं असतं. मग आम्ही दोघं मधल्या सुट्टीत बसून चूक शोधतो. तो दिवस चांगला जातो.

फॉर्म भरलाय. परीक्षा ११ जानेवारीला, रविवारी. आणि ऐक, हे अब्बांना कळू देऊ नकोस. मागच्या मंगळवारी अब्बा बारामतीला टेम्पोचा पाटा बदलायला जातो म्हणून गेले होते. टेम्पो तसाच परत आला, पाटा जुनाच. अम्मीनं खोदून विचारल्यावर म्हणाले, वसतिगृह बघून आलो. भिंत उंच आहे, फाटकावर बाई बसते, पाण्याची टाकी धुतलेली दिसली. म्हणजे टाकीवर चढून बघितलं असणार. मला भीती वाटायला लागलीय भाई. आधी नुसतं मला जायचं होतं. आता ते पण मनानं तिथं जाऊन आलेत.

दुवा कर. ईदला येशील ना? दोन ईदा झाल्या.
तुझी,
अल्फिया

—

पळसदेव,
८ फेब्रुवारी २०२६

ती. भाईस,
सलाम. वि. वि.

यादी लागली. माझं नाव नाही. वीस मुलं घेतली, मी एकविसावी आहे. एका गणितानं राहिले. कुठलं ते आता आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही.

अब्बा स्वतः यादी बघायला गेले होते. आल्यावर टेम्पो धूत बसले. धुतलेलाच होता.

अम्मीची तब्येत ठीक. सर्दी झाली होती, आता बरी आहे. शाळा चालू आहे. रमजान जवळ आलाय, घरात साफसफाई काढलीय, त्यामुळं जास्त लिहीत नाही. तू काळजी करू नकोस आणि फोनवर अब्बांना काही विचारू नकोस.

गणित पाठवू नकोस. सध्या सवड नाही.
अल्फिया

—

बारामती,
२० फेब्रुवारी २०२६

श्री. फिरोज मुलाणी यांस,
स. न. वि. वि.

मी वैष्णवी, अल्फियाची आधीची गणिताची शिक्षिका. आपली ओळख नाही, पण ती वर्गात तुमच्याविषयी इतकं बोलायची की मला तुम्ही अनोळखी वाटत नाही. पत्ता तिच्या आईकडून घेतला.

निकालाचं तुम्हाला कळलंच असेल. उत्तरपत्रिका बघता येत होती, म्हणून मी जाऊन बघितली. जे प्रश्न मला स्वतःला दोनदा वाचावे लागले, ते तिनं बरोबर सोडवलेत. आणि एक साधा प्रश्न चुकलाय. तो बरोबर आला असता तर ती अठरावी असती. प्रश्न तसाच लिहून पाठवते:

चोवीस फूट लांब व अठरा फूट रुंद अशा दालनात मधोमध सहा फूट बाजूचा चौरस हौद आहे. हौद सोडून उरलेल्या जागेत दोन फूट बाजूच्या चौरस फरश्या बसवायच्या आहेत. किती फरश्या लागतील?

उत्तर नव्व्याण्णव. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना आलं असतं. तिनं आधी नव्व्याण्णवच लिहिलं होतं, मग ते खोडून एकशे नऊ केलं. पायऱ्या लिहायला जागा नव्हती, उत्तरासाठी फक्त चौकट होती, त्यामुळं काय मनात आलं ते कळायला मार्ग नाही. तिला विचारलं तर आठवत नाही म्हणते.

मी हे चुकीसाठी लिहीत नाही. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम पळसदेवला गेले होते. मधल्या सुट्टीत ती वर्गात एकटी वह्या तपासत होती. मी तिला एक नवं गणित दिलं. पूर्वी कागद हातात पडताच ती उभ्या उभ्या सोडवायला लागायची. तिनं तो न वाचता घडी करून दप्तरात ठेवला आणि सवड झाली की बघते म्हणाली. मला वाईट वाटेल म्हणून हसलीसुद्धा. वीस वर्षं शिकवतेय, मुलं नापास झालेली खूप बघितली. हे बघवलं नाही.

दर रविवारी माझ्या घरी दहा ते एक चार मुलं येतात. क्लास नाही, फी नाही. आम्ही अवघड गणितं घेऊन बसतो आणि बऱ्याचदा अडकतो. अल्फिया आली तर मला आनंद होईल. तुमच्या वडिलांना फोन केला होता. ते फार अदबीनं बोलले, पण म्हणाले, मी मुलीला एक शब्द दिलाय, तो सोयीनुसार बदलला तर उद्या ती माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. शिवाय रविवार त्यांच्या धंद्याचा दिवस. तुम्ही काही करू शकलात तर पाहा.

कळावे,
वैष्णवी

—

विशाखापट्टण,
१ मार्च २०२६

चि. अल्फियास,
सलाम आणि दुवा. वि. वि.

मॅडमचं पत्र आलं. प्रश्न वाचला. नव्व्याण्णव, शंभराला दहानं दहा जादा, एकशे नऊ. ते उत्तर तुझं न्हाय, माझं हाय. आठवत न्हाय म्हणून लिवलंस, पण तुला सगळं आठवतंय. मला कळू नये म्हणून तोंड मिटून बसलीस.

मी त्या संस्थेला फोन केला होता. एक गृहस्थ होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हणलो, हौद मधोमध असंल तर फरशी कापावीच लागती, नव्व्याण्णव आणल्या तर काम अडणार, लेखी देतो. ते म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण परीक्षेत तुटफूट धरत नाहीत. मी विचारलं, तुमी कधी फरशी बसवलीय का. न्हाय म्हणाले. मंग सॉरी म्हणाले, आणि खरोखर मनापासून म्हणाले. त्यामुळं मला भांडतापण येईना.

त्या पहिल्या पानावरचं माझं नाव फाडून टाक. तुला वाटंल ते मला बोल, पण बोल.
फिरोजभाई

—

पळसदेव,
७ मार्च २०२६

ती. भाईस,
सलाम. वि. वि.

पान फाडलेलं नाही. चूक तुझी नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. त्या दिवशी काय झालं ते सांगते, मग परत विचारू नकोस.

पेपरात शेवटी तो प्रश्न होता. बाकी सगळं सोडवून माझ्याकडं पंधरा मिनिटं उरली होती. नव्व्याण्णव मला लगेच आलं. लिहिलं. मग वाटलं, एवढी चांगली गणितं घालून शेवटी इतकं सोपं कसं घालतील? म्हणून परत वाचलं. हौद मधोमध, असं लिहिलं होतं. चोवीसमधून सहा गेले, अठरा. निम्मे नऊ. नऊ फुटांत दोन फुटांच्या फरश्या साडेचार. म्हणजे हौदाच्या दोन्ही बाजूंना, तिन्ही ओळींत, फरशी कापावी लागणार. मला वाटलं, हीच मेख आहे. नुसता भागाकार करणारा फसावा म्हणून मधोमध म्हटलंय. वीस मुलं अशीच निवडणार, ज्यांना ते दिसेल.

भाई, मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात ठेवून हसले. पुढच्या बाकावरच्या मुलानं वळून बघितलं. मला वाटलं, शेवटी कुणीतरी मला न येणारं गणित घातलं आणि ते मला आलं. खोडून एकशे नऊ लिहिलं आणि पेपर देऊन पळत बाहेर आले. अब्बा झाडाखाली उभे होते. त्यांना म्हणाले, एक गणित फार सुंदर होतं.

मधोमध त्यांनी उगाच लिहिलं होतं. मागं काही नव्हतं.

आता मला समजलंय. जेवढं विचारलंय तेवढंच बघायचं. सहामाहीला मला पैकीच्या पैकी होते, वार्षिकलाही पडतील. मॅडमचा कागद दप्तरात आहे. उघडला की वाटतं, यातही मला काहीतरी दिसेल आणि ते तिथं नसेल.

अब्बा रागावलेले नाहीत. ते समोर आले की मी आत जाते, मी समोर गेले की ते टेम्पोकडं जातात. इफ्तारला आम्ही शेजारी बसतो आणि दोघंही अम्मीशी बोलतो.

ईदला ये.
अल्फिया

—

विशाखापट्टण,
१३ मार्च २०२६

ती. अब्बांच्या सेवेशी,
फिरोजचा सलाम. वि. वि.

घर सोडल्यापासून तुमाला पहिलाच कागद लिवतोय. हा अल्फियाकडून वाचून घेऊ नका. टेम्पोत बसून एकट्यानं वाचा. हळूहळू वाचलात तरी चालंल, मीपण हळूहळूच लिवलाय, दोन रात्री लागल्या.

यादीत तिचं नाव का न्हाय, ते तुमाला कुणी सांगितलं नसंल. जे गणित चुकलं ते फरशीचं होतं. मी तिला सांगून ठेवलं होतं की मधी हौद आला तर शंभराला दहा फरश्या जादा धरायच्या. तिनं तसं लिवलं. कागदावर ते चूक ठरलं. माझ्यावर भरवसा ठेवून ती एकविसावी आली. तुमी घातलेल्या शर्तीत ती हरली न्हाय अब्बा, तिला मी हरवलं. तुमच्या झाडाखाली येऊन ती ज्या सुंदर गणिताचं बोलली, ते तेच.

आता खरं सांगायचं ते. ती गणित सोडून बसलीय. मी शाळा सोडली तवा तुमी ओरडला, अम्मी रडली, शेजारी गोळा झाले, सगळ्या आळीला कळलं. हिनं सोडलं तर कुणाला आवाजसुद्धा आला न्हाय. रोज दप्तर घेऊन जाती, पैकीच्या पैकी मार्क आणती. तुमाला वाटंल, सगळं ठीक हाय. मी तुमाला सांगतो, ती माझ्यापेक्षा लांब गेलीय. मी नुसता विशाखापट्टणला आलोय.

मॅडमनी रविवारी बोलावलंय. तुमी शब्दाचं म्हणालात. पण शर्त वसतिगृहाची होती. सकाळी जाऊन दुपारी परत यायला तुमच्या शब्दाला धक्का लागत न्हाय, आणि लागत असंल तर लागू द्या. शब्द मोडला म्हणून बाप लहान होत न्हाय. हे मी म्हणतोय, ज्यानं तुमचा एकही शब्द ऐकला न्हाय.

अम्मीबरोबर पाठवू नका. तुमी जा. तुमी गप्प बसता ते तुमाला बोलायला सुचत न्हाय म्हणून, हे मला ठाऊक हाय, मीपण तुमचाच हाय. पण तिला ती मार्कांची शिक्षा वाटती. यष्टीत तिच्या शेजारच्या सीटवर बसा. बोलला न्हाय तरी चालंल. ती मॅडमच्या घरात गेली की एक वाजेपर्यंत बाहेर थांबा. पहिल्या रविवारी ती काय सोडवणार न्हाय. दुसऱ्यालापण कदाचित न्हाय. बाहेर पडल्यावर काय केलंस म्हणून विचारू नका. भूक लागली का, एवढंच विचारा.

रविवार म्हंजे तुमचा मासळीचा दिवस, आठवड्याचं पोट त्याच दिवशी भरतं, हे मी विसरलेलो न्हाय. ईदला येणार होतो. तिकीट काढून ठेवलं होतं, ते परवा रद्द केलं. हितं ईदच्या दिवशी कामाला गेलं की दुप्पट हजेरी मिळती. मला यायचं होतं. अम्मीला सांगा, पुढच्या ईदला नक्की.

मोठ्यांना सलाम, शेजारपाजाऱ्यांना सलाम, तुमच्या दुवेत एक कोपरा माझ्यासाठी मोकळा ठेवा. ईदनंतरच्या चार रविवारांचं टेम्पोचं भाडं बुडंल, ते एका रविवारचे नऊशे धरून, अम्मीच्या खात्यावर टाकलंय, तीन हजार सहाशे रुपये.